धामणदरीच्या धुऱ्यावरची साक्ष

दोन हजार बावीस साल होतं. तेलंगणातल्या आमच्या धामणदरीच्या खोऱ्यात शेवटचा कापूस वेचून झाला होता, पऱ्हाट्या अजून रानात उभ्या होत्या आणि बाजारहत्नूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाट्या लागत होत्या. वर मोठ्या अक्षरांत तेलुगू, त्याखाली इंग्रजी आणि तळाशी जागा उरलीच तर बारीक मराठी: ‘घर व जमीन विकणे आहे.’ त्या फेब्रुवारीत सरकारी माणसं माझ्यापाशी आली. माझ्याभोवती उभं राहून त्यांनी एका म्हातारीला एकच प्रश्न विचारला. त्या प्रश्नाचं उत्तर मला पाठ होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

मित्रांनो, मी दोन शेतांच्या मधल्या बांधावर रोवलेला दगड आहे. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. माझं वय मला नीट सांगता येणार नाही. निजामाच्या राज्यात जमिनी मोजायला अंमलदार आले, तेव्हा वडारांनी मला उत्तरेच्या डोंगरातून पहारीने आणि घणाने सोडवलं, एवढं आठवतं. बैलगाडीतून उतारावर येताना मी दोनदा खाली पडलो. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा माझा एक खांदा फुटला. गाडीवान म्हणाला, “फुटका हाय, पण मजबूत हाय.” मग एका म्हाताऱ्या वडाराने छन्नीने माझ्या डोक्यावर फुली कोरली आणि मला कमरेपर्यंत जमिनीत पुरलं. इथे एकाचं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, एवढाच त्या फुलीचा अर्थ.

हद्द राखणं हे काम ऐकायला फार मोठं वाटतं. खरं म्हणजे ते नुसतं न हलण्याचं काम आहे. मी हललो नाही. माझ्या फुटक्या खांद्यावर माणसांनी विळे घासले, बायकांनी कापसाची गाठोडी टेकवली, गुरांनी अंग खाजवलं. दिवस कलला की माझी सावली चार हात पडायची, तेवढ्यात दोन माणसांच्या भाकरी सुटायच्या.

माझ्या वरच्या अंगाला मुरमाड रान होतं, रस्त्याला लागून. तिथे तूरसुद्धा कशीबशी गुडघ्याएवढी व्हायची. खालच्या अंगाला नाल्याकाठची काळी जमीन होती. तिच्यात काहीही टाकलं तरी ती परत द्यायची. वरचं रान यशवंतरावांचं होतं, खालचं दादाजींचं.

दादाजी मूळचे यशवंतरावांच्या वडिलांकडे सालदार होते. बाबासाहेबांचा फोटो घरात लावणाऱ्या पहिल्या घरांपैकी त्यांचं घर. वर्षानुवर्षं राबून त्यांनी नाल्याकाठची तीन एकर काळी विकत घेतली होती आणि तिथेच खोपटं बांधलं होतं. त्यांची मुलगी प्रगती सहा वर्षांची झाली आणि शाळेत जाऊ लागली. पण आषाढ लागला की नाला भरायचा आणि शाळा पलीकडे राहायची. दोन पावसाळे ती पोर काठावर दप्तर घेऊन उभी राहिली आणि परत आली.

अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात दादाजी यशवंतरावांना घेऊन माझ्यापाशी आले.

“यशवंतराव, तुमचं वरचं मले द्या. माहं खालचं तुमी घ्या,” ते म्हणाले.

यशवंतराव हसले. “दादाजी, ऊन लागलं का तुले? काळी देऊन बरड मागून राह्यला! लोक मले शिव्या देतील, गरिबाले फसवलं म्हणतील.”

“देऊ द्या. मले कापूस नाही पिकवाचा, पोरगी शिकवाची हाय. तुमच्या रानाले लागून शाळेचा रस्ता हाय, त्याच्यावर नाल्याचा पूल हाय.”

यशवंतरावांनी डोक्यावरचं मुंडासं काढून घाम पुसला. मग म्हणाले, “बायकाइले बलाव.”

आमच्या खोऱ्यात तेव्हा अदलाबदलीला कागद नव्हता. दोन्ही घरच्या बायका आपापल्या रानातली ओंजळभर माती पदरात घेऊन यायच्या आणि धुऱ्याच्या दगडाच्या मुळाशी ती एकत्र कालवायच्या. वर गुळाचा खडा ठेवायचा. झालं. त्यानंतर कोणी फिरला तर त्याच्या घरी पाणी प्यायला माणूस जात नसे. त्या दिवशी रुख्मिणी, म्हणजे यशवंतरावांची बायको, वरची तांबूस माती घेऊन आली. दादाजींची कौशल्याबाई खालची काळी घेऊन आली. दोघींनी माझ्या पायाशी बसून ती कालवली. रुख्मिणीच्या बोटातली अंगठी मातीत गेली, ती शोधताना दोघी इतक्या हसल्या की यशवंतराव रागावले. त्यांच्या दहा वर्षांच्या पंढरीने दोनदा गूळ मागून खाल्ला. हे मी पाहिलं आहे.

त्यानंतर दादाजींनी रस्त्याच्या कडेला तीन खोल्यांचं घर बांधलं. मुरूम फोडून फोडून त्या रानालाही माणसात आणलं. यशवंतराव भावांपासून वेगळे झाले, तेव्हा त्यांनी नाल्याकाठच्या काळीतच, उंचवट्यावर, आपलं घर बांधलं. प्रगती शिकली. आधी पायी, मग बोथला बसने, मग आदिलाबादला. ती शिक्षिका झाली आणि जैनथच्या शाळेत लागली. गावातले लोक माझ्याजवळून जाताना म्हणायचे, “दगड असावा तं असा. दोन्ही घरं भरभराटीले आणली यानं.” पोळ्याला मलाही हळद लागायची.

पण मित्रांनो, एक चूक राहून गेली होती. सरकारी वहीत काही बदललं नव्हतं. वरचं रान यशवंतरावांच्याच नावावर होतं आणि खालचं दादाजींच्या. कोणाला त्याची अडचण वाटली नाही. क्षेत्र सारखंच, वहिवाट ठरलेली. तलाठ्याच्या वहीपेक्षा पदरातली माती मोठी, असं आमच्याकडे सगळेच समजत.

दोघी बायका कापूस वेचायच्या दिवसांत माझ्या सावलीत भाकरी खायला बसत. रुख्मिणीची आठवण गावात प्रसिद्ध होती. कोणाची गाय कोणत्या सालात व्याली, कोणाच्या लग्नात भात कच्चा राहिला, कोणाचा सासरा कोणत्या वारी मेला, ते सगळं तिला तोंडपाठ.

“वैनी, तुमच्या डोक्यात तहसील हाय का वो?” कौशल्याबाई चिडवायची.

“तहसीलात उंदरं कागद खातात वं कौशल्या. माह्या डोक्यात उंदीर नाही.”

“मंग सांगा बरं, तुमची अंगठी मातीत गेलती, तवा तुमी कोणतं लुगडं नेसल्या होत्या?”

“हिरवं. काठाले पिवळं. अन् तुह्या लुगड्याले गुडघ्यापाशी ठिगळ होतं, ते तू लपवून राह्यली होती.”

यशवंतराव गेले, त्यानंतर तीन वर्षांनी दादाजी गेले. सरकारने नवी पासबुकं वाटली, तेव्हा प्रगती गावी आली होती. माझ्याजवळ उभी राहून तिने आईचं पासबुक वाचलं आणि तिचा चेहरा उतरला.

“आई, हे तं खालच्या रानाचं हाय. आपलं घर ज्या रानात हाय, ते पंढरीदादाच्या बाबाच्या सर्व्हे नंबरात हाय. हे दुरुस्त करून घ्या लागते.”

“करावं लागते तं करू,” कौशल्याबाई म्हणाली. “पण अर्ज दिला तं वैनीले काय वाटीन? आपण भरवसा सोडला म्हणतीन. राहू दे. वैनी हाय ना.”

प्रगतीने दोन-तीनदा विषय काढला. प्रत्येक वेळी आईचं उत्तर तेच. वैनी हाय ना.

मग रस्ता रुंद झाला. नागपूर-हैदराबादच्या मोठ्या रस्त्यावरून लोक आमच्या डोंगरात धबधबे पाहायला येऊ लागले. गाडी थांबवून ते म्हणायचे, “क्या हवा है!” त्या हवेपायी खोऱ्यातली घरं विकायला निघाली. तरुण माणसं शहरात, म्हातारी एकटी, आणि दारावर पाटी. पहिल्या वर्षी चार घरांना कुलपं लागली, दुसऱ्या वर्षी अकरा घरांना. पूर्वी संध्याकाळी खोऱ्यात चुलींचा धूर दिसायचा. तो विरळ होत गेला आणि रानात तारांची कुंपणं आली.

पंढरी आदिलाबादला एका कापडाच्या दुकानात कामाला होता. त्याला शहरात घर घ्यायचं होतं. म्हणून त्याने नाल्याकाठचं रान विकायला काढलं, आईच्या घरासकट. आईला तो आपल्याजवळ नेणार होता. जमिनीचे सौदे करणारा बोथचा रविकांत ते पाहायला आला. त्याने पासबुक उघडलं, मोबाइलवर नकाशा लावला, आणि माझ्या डोक्यावर पाय ठेवून तो हसू लागला.

“अरे पंढरीभाऊ, तू मले काऊन नाल्यात फिरवून राह्यला? तुहा नंबर तं रोडवर हाय!”

“ते दादाजीकाकाचं हाय. अदलाबदल झालती.”

“कागद?”

पंढरीने नकारार्थी मान हलवली.

“कागदावर तुहं हाय, तं तुहंच. हैदराबादच्या साहेबाले रोडवरचंच पायजे, नाल्यातलं कोणी पुसत नाही.”

“अन् खालचं?”

“खालचं तूच वाहून राह्यला ना? मंग तुले कोण उठवते? वरचं विक, खालचं खा. असं नशीब लोकाइले नवस करून भेटत नाही.”

पंढरी माझ्याकडे पाहत उभा राहिला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कसं कळणार? मग तो रविकांतच्या मोटारसायकलवर बसून गेला.

आठ दिवसांत कौशल्याबाईच्या अंगणात लाकडी खुंट्या ठोकल्या गेल्या. एक खुंटी तिच्या न्हाणीच्या दगडाला लागून होती. ती चपला न घालता नाल्याकाठी धावत गेली. रुख्मिणी घरात होती, पण तिने दार न उघडता आतूनच सांगितलं की बरं वाटत नाही. कौशल्याबाई परत आली आणि माझ्यापाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी प्रगतीने मंडळ कचेरीत तक्रार दिली. गिरदावराने, म्हणजे महसुलाच्या साहेबाने, जागेवर येऊन चौकशी करायचं ठरवलं.

चौकशीच्या सकाळी पंढरी आईला घेऊन धुऱ्याने आला. माझ्याजवळ आल्यावर रुख्मिणी थांबली. तिने माझ्यावर हात टेकला.

“पंढरी, माती म्या कालवली बापा. ह्या हातानं.”

“आई, कौशल्याकाकूची पोरगी नोकरीवर हाय. काकू जैनथले सुखानं राहीन. माह्या पोरीले, पूनमले, काय हाय? एका खोलीत पाच माणसं राह्यतो आमी. तुले ठेवाले जागा नाही म्हणून तू इथं एकटी मरून राह्यली.”

“मी मरून नाही राह्यली. कौशल्या येते ना रोज.”

“तुले मी पायजे का कौशल्या पायजे?” पंढरीचा आवाज चढला. “तू आज हो म्हटलं, तं मी पुन्हा या रानात पाय ठेवत नाही. तू मेली तरी मले सांगू नको म्हणीन गावाले. मंग कौशल्याच देईन तुले अग्नी.”

मुलगा पुढे गेला, तिने माझ्यावरचा हात काढला, आणि ती त्याच्या मागे गेली.

दहा वाजता सगळे जमले. मोजणीवाला यंत्र घेऊन आला होता. गावचे पंच होते, रविकांत होता, प्रगती आईचा दंड धरून उभी होती. गिरदावर तेलुगू माणूस, पण वीस वर्षं या भागात काढलेली. बोलायला मऊ होता.

“कागदावर वरची जमीन यशवंतरावांच्या वारसाची आहे,” तो म्हणाला. “पण दोन्ही घरच्यांनी माझ्यासमोर अदलाबदल कबूल केली, तर मी तसं लिहीन. विक्री थांबेल, दुरुस्ती होईल. पंढरी, तुम्ही सांगा.”

“मी तवा लहान होतो साहेब. मले माहीत नाही.”

“साहेब, या दगडाखाली खोदा!” कौशल्याबाई म्हणाली. “तांबडी अन् काळी कालवलेली निघते का नाही ते पाहा.”

“माती बोलत नाही, अम्मा. माणूस बोलला पाहिजे.” तो रुख्मिणीकडे वळला. “तुम्ही सांगा. तेव्हा तुम्ही इथे होत्या का? अदलाबदल झाली होती का?”

सगळं गाव रुख्मिणीकडे पाहू लागलं. तिच्या आठवणीबद्दल कोणाला शंका नव्हती. कौशल्याबाईच्या चेहऱ्यावर भीतीसुद्धा नव्हती. ती वैनीकडे अशी पाहत होती, जशी आपण आपल्या घराच्या दाराकडे पाहतो.

रुख्मिणी मुलाकडे पाहत म्हणाली, “मले आठवत नाही, साहेब.”

“नीट आठवा, अम्मा. घाई नाही.”

“लय वर्षं झाली. मले काही आठवत नाही.”

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या वेळी ओरडलो असतो. हिरवं लुगडं, पिवळा काठ, अंगठी, गूळ. मी सगळं सांगितलं असतं. पण मी दगड. न हलणं हेच माझं काम होतं, आणि त्या दिवशी ते काम कोणाच्याही कामाचं नव्हतं.

प्रगतीने आईचा दंड घट्ट धरला. गिरदावराने लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या, रुख्मिणीचा अंगठा घेतला. मग कागद घडी करता करता तो म्हणाला, “म्हणजे अदलाबदल झाली नाही. तर खालची जमीन कागदाप्रमाणे कौशल्याबाईंची. तिथे घर कोणाचं आहे?”

पंढरी घाईने पुढे झाला. “साहेब, खालचं आमी वाहतो... बापापासून वाहतो...”

“कशाच्या आधारावर? अदलाबदल तर झालीच नाही म्हणता.”

पंढरीने रविकांतकडे पाहिलं. रविकांत मोबाइल कानाला लावून रस्त्याकडे चालू लागला होता. दोन महिन्यांपूर्वी जे त्याने इतकं सोपं करून सांगितलं होतं, त्याबद्दल त्याला आता काही सांगायचं नव्हतं.

रुख्मिणीला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती दोन पावलं पुढे आली. “साहेब,” ती म्हणाली, “साहेब, थांबा. मले...”

कौशल्याबाईने तिचा हात धरला. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच हलली होती.

“राहू द्या वैनी. आता नका आठवू. आता आठवलं तं लोक म्हणतीन, स्वतःच्या घरासाठी आठवलं.”

ती हे रागाने म्हणाली नाही. ती वैनीची लाज राखत होती. रुख्मिणी तिथेच माझ्या पायाशी बसली, आणि तिला उठवायला पंढरीला दोन माणसं लागली.

पुढे काय झालं ते मला लोकांच्या बोलण्यातून कळलं. आता माझ्यावर गाड्यांचे चालक बसतात, कामावरचे मजूर डबा खातात, ते सगळं बोलतात.

वरचं रान हैदराबादच्या साहेबांनी घेतलं. कौशल्याबाईचं घर एका सकाळी पाडलं. तिने सागवानी चौकट मागितली होती, ती मिळाली, पण जैनथच्या भाड्याच्या घरात ती लावायला जागा नव्हती. ती जिन्याखाली उभी करून ठेवली आहे म्हणतात. कौशल्याबाई मुलीला म्हणत होती की खालचं रान पंढरीलाच राहू दे, त्याची माती आहे, म्या दिली होती. प्रगतीने ऐकलं नाही. तिने कागदाच्या जोरावर खालचं रान ताब्यात घेतलं आणि त्याच साहेबांना विकून टाकलं. त्या मातीत तिला पाय ठेवायचा नव्हता. आई त्यावर तिच्याशी महिनाभर बोलली नाही. गेल्या वर्षी, मृगाच्या आधी, कौशल्याबाई वारली. प्रगती अजून जैनथलाच शिकवते. धामणदरीला ती येत नाही.

पंढरीला शहरात घर मिळालं. तिसऱ्या मजल्यावर आहे. पूनम कॉलेजात जाते, आणि रस्त्यात धामणदरीचं माणूस भेटलं तर तिचा बाप दुसऱ्या बाजूने जातो. रविकांत आता पलीकडच्या खोऱ्यात सौदे करतो. गिरदावराची बदली झाली.

रुख्मिणी मुलाजवळ राहते. ती आता सगळं सांगते. दूधवाल्याला, जिन्यावर भेटणाऱ्या बायकांना, पूनमच्या मैत्रिणींना. अठ्ठ्याऐंशी सालची अदलाबदल, कोण कुठे उभं होतं, कोणी किती गूळ खाल्ला. एक शब्द चुकत नाही. ते लोक होकार देतात आणि आपल्या कामाला जातात.

मला यंत्राने उपटलं आणि साहेबांच्या नव्या फाटकाजवळ आडवं टाकलं. आता माझ्या दोन्ही बाजूंना एकाच मालकाची जमीन आहे, तेव्हा हद्द राखायला काही उरलं नाही. खोऱ्यात पाट्या अजून लागतात.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस असेल तर आज त्याच्याजवळ बसा. तुमचं घर कोणाच्या जागेवर उभं आहे, ती जागा कशी आली, कोणी काय दिलं आणि कोणी काय घेतलं, ते विचारा. साल, वार, माणसांची नावं लिहून ठेवा, आणि त्या कागदावर दोन्हीकडच्या सह्या घ्या. त्यात भरवसा मोडत नाही, उलट तो जपला जातो. आणि कधी कोणी तुम्हाला साक्ष विचारली, तर पहिल्याच खेपेला खरं सांगा. दुसऱ्या खेपेला तेच खरं कोणाच्याही उपयोगाचं राहत नाही.